सात अक्षरांचे गुरुजी

वर्ध्याच्या गोपुरीत गीताई मंदिर पाहायला आलेला पाहुणा सहसा शेजारच्या पांढऱ्याशुभ्र विश्वशांती स्तूपाकडेही वळतो. दोन वास्तू, दोन जगे. गीताई मंदिराला छप्पर नाही. उघड्या आकाशाखाली उभ्या शिळा आहेत आणि त्यांवर विनोबांनी मराठीत आणलेली गीता कोरलेली आहे. अक्षर नागरी, भाषा सोपी. शाळकरी मुलालाही ती वाचता येते. स्तूपाच्या चार दिशांना सोनेरी बुद्धमूर्ती आहेत. हा स्तूप ज्या जपानी पंथाचा, त्याच्या देवघरांत, ध्वजांवर आणि ढोलांच्या कातड्यावर मात्र सात चित्राक्षरे असतात. ती आपल्याला वाचता येत नाहीत.

गंमत अशी, की या सात अक्षरांचा उच्चार वर्धेकरांच्या कानाला मुळीच नवा नाही. सेवाग्राम आश्रमाच्या सर्वधर्म प्रार्थनेचा आरंभ त्याच उच्चाराने होत आला आहे. आश्रमाच्या भजनावलीत ‘नम्यो हो रेंगे क्यो’ अशी ती ओळ नागरीत छापलेली असते. गांधीविचारांच्या शाळांतून शिकलेल्या कित्येकांना ती पाठ आहे. ती वर्ध्याला आणणारा भिक्षू म्हणजे निचिदात्सु फुजी, वर्धेकरांचे फुजी गुरुजी.

फुजींचा जन्म ६ ऑगस्ट १८८५ रोजी जपानच्या दक्षिणेकडील क्युशू बेटावर, कुमामोतो प्रांतातील आसो येथे झाला. आसो हा ज्वालामुखीचा डोंगराळ मुलूख. घर शेतकऱ्याचे. त्या काळचा जपान झपाट्याने पाश्चात्त्य विद्या आत्मसात करत होता आणि बुद्धिमान तरुणापुढे सैन्य, कारखाना, सरकारी नोकरी अशा वाटा मोकळ्या होत्या. विशीला टेकण्यापूर्वीच फुजींनी त्या सोडून मुंडन केले. तेराव्या शतकातील निचिरेन या आचार्याच्या परंपरेत त्यांनी दीक्षा घेतली. जपानी रीतीप्रमाणे दीक्षेचे नाव अक्षरे निवडून ठेवतात. ‘निचि’ म्हणजे सूर्य आणि ‘दात्सु’ म्हणजे पोहोचणे. निचिरेन या नावातही तोच सूर्य आहे, त्याच्यापुढे कमळ.

पुढची काही वर्षे त्यांनी वेगवेगळ्या बौद्ध पंथांच्या विद्यापीठांतून शास्त्रे अभ्यासण्यात घालवली. या मनुष्याने पुढे आयुष्यभर फक्त एक मंत्र आणि एक ढोल एवढेच जवळ ठेवले, म्हणून तो अडाणी भाविक होता असा समज होण्याचा संभव आहे. तसे नव्हते. हजारो चित्राक्षरांचे ग्रंथ वाचून झाल्यावर त्याने सात अक्षरे निवडली होती. १९१७ मध्ये त्यांनी रस्त्यावर उतरून ढोल वाजवत नामघोष करण्याची आपली रीत सुरू केली. हा ढोल आपल्या ढोलकीसारखा नसतो. हातपंख्यासारखी मूठ, तिच्यावर गोल कडे, कड्यावर ताणलेले कातडे आणि दुसऱ्या हातात छोटी काठी. चालता चालता वाजवण्यासाठीच तो जन्माला आलेला आहे.

१९१८ मध्ये त्यांनी मांचुरियातील ल्याओयांग येथे ‘निप्पोन्झान म्योहोजी’ या आपल्या पंथाचा पहिला मठ उभारला. इथे चरित्रकाराने थोडे थांबले पाहिजे. मांचुरियात तेव्हा जपानच्या सत्तेचे पाय रोवले जात होते आणि फुजींचे मठ त्या सत्तेच्या मागोमाग गेले. युद्धपूर्व काळातील या पंथाच्या लष्कराशी असलेल्या जवळिकीवर अभ्यासकांनी बोट ठेवले आहे. वर्ध्यात आलेला भिक्षू आणि मांचुरियात मठ बांधणारा भिक्षू ही एकच व्यक्ती होती. एकीसाठी दुसरीला लपवण्याचे कारण नाही.

१९२३ च्या महाभूकंपाने तोक्यो उद्ध्वस्त झाल्यावर ते मायदेशी परतले. पण मनात पश्चिमेची दिशा होती. निचिरेन यांनी लिहून ठेवले होते की भारताचा धर्म पूर्वेकडे जपानपर्यंत आला, आता सूर्य जसा पूर्वेकडून पश्चिमेकडे जातो तसा तो जपानकडून भारताकडे परत जाईल. ज्याच्या नावातच ‘पोहोचणारा सूर्य’ आहे, त्याने हे वचन स्वतःला उद्देशून आहे असे मानले तर नवल नाही. १९३१ च्या आरंभी फुजी कोलकात्यात उतरले आणि पिवळ्या वस्त्रांत, ढोल वाजवत त्या शहराच्या रस्त्यांवरून फिरू लागले. मुंबईतही त्यांनी पाय रोवला. वरळीचे जपानी बुद्धमंदिर ही त्या कामाची आजही दिसणारी खूण.

गांधीजींची आणि त्यांची भेट ४ ऑक्टोबर १९३३ रोजी वर्ध्यात झाली. साबरमतीचा आश्रम विसर्जित करून गांधीजी नुकतेच इथे आले होते आणि महिन्याभराने, ७ नोव्हेंबरला, वर्ध्यातूनच त्यांचा हरिजन दौरा निघायचा होता. दोघांची भाषा निराळी, आहार निराळा, धर्म निराळा. तरी सूत जुळले. फुजींना ‘गुरुजी’ म्हणायला गांधीजींनीच सुरुवात केली, असे सांगतात. पुढच्या वर्षांत फुजींचे भिक्षू गांधीजींच्या सहवासात राहू लागले. ते पहाटे उठून ढोल वाजवत मंत्र म्हणत आणि त्यानंतर आश्रमातली पडतील ती कामे करत. हळूहळू त्यांचा मंत्र सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेच्या अग्रभागी आला.

आता त्या मंत्राकडे जरा जवळून पाहू. कारण वर्ध्याने तो कानाने घेतला आणि कानाने घेताना त्यातील बरेच काही गळून पडले.

जपानी चित्राक्षरांना ‘कांजी’ म्हणतात. मराठी कानाला या शब्दाने कपड्यांची खळ आठवते, पण जपानीत ‘कान’ म्हणजे चीनचे हान आणि ‘जी’ म्हणजे अक्षर. ही अक्षरे चीनकडून आली. एकेका अक्षराला आकार असतो, अर्थ असतो आणि बहुधा एकाहून अधिक उच्चार असतात. मंत्राचा काळजीपूर्वक केलेला जपानी उच्चार ‘नमु म्योहो रेंगे क्यो’ असा आहे आणि अक्षरे अशी : न, मु, म्यो, हो, रेन्, गे, क्यो.

पहिली दोन अक्षरे फसवी आहेत. पहिल्याचा अर्थ ‘दक्षिण’, दुसऱ्याचा ‘नाही’. पण दक्षिणेशी किंवा नकाराशी मंत्राचा काही संबंध नाही. संस्कृतातील ‘नमः’चे भाषांतर न करता चिनी पंडितांनी तो शब्द उच्चारानेच ठेवला आणि तो लिहिण्यासाठी ही दोन अक्षरे अर्थ बाजूला सारून वापरली. म्हणजे वर्ध्यात जपानी भिक्षू ‘नमु’ म्हणाला तेव्हा आपलाच ‘नमो’ दीड-दोन हजार वर्षांचा प्रवास करून घरी आला होता.

उरलेली पाच अक्षरे मिळून एका ग्रंथाचे नाव होते : सद्धर्मपुंडरीक सूत्र. ‘म्यो’ या अक्षरात डावीकडे ‘स्त्री’ आणि उजवीकडे ‘अल्प’ अशी दोन चिन्हे आहेत. अर्थ सूक्ष्म, अद्भुत. संस्कृतातल्या ‘सद्’साठी हे अक्षर पहिल्यापासून नव्हते. इ. स. २८६ मध्ये धर्मरक्षाने या ग्रंथाचे चिनी भाषांतर केले तेव्हा त्याने ‘योग्य, यथार्थ’ या अर्थाचे अक्षर वापरले होते. इ. स. ४०६ मध्ये कुमारजीवाने, ज्याचा पिता भारतीय आणि माता कुचा राज्याची राजकन्या होती, ते बदलून ‘अद्भुत’ हे अक्षर बसवले. एका अक्षराचा फरक. पण तेव्हापासून पूर्व आशियात हा धर्म ‘योग्य’ म्हणून नव्हे तर ‘अद्भुत’ म्हणून ओळखला गेला. आजच्या बोलीभाषेत मात्र तेच अक्षर ‘जरा विचित्रच’ अशा अर्थानेही येते. आपल्याकडे ‘अजब’चे झाले तसे.

‘हो’ म्हणजे धर्म. डावीकडे पाण्याचे तीन थेंब, उजवीकडे ‘जाणे’. जपानमध्ये कायदा, पद्धत, युक्ती या सगळ्या शब्दांत ते वावरते. ‘रेन्’ म्हणजे कमळ आणि ‘गे’ म्हणजे फूल. शेवटचे ‘क्यो’ म्हणजे सूत्र.

या शेवटच्या अक्षरापाशी वर्धेकराने थोडे अधिक रेंगाळावे असे वाटते. त्याच्या डाव्या अंगाला पीळ दिलेल्या रेशमी लडीचे चिन्ह आहे, म्हणजे धागा. उजव्या अंगाचा जुना आकार मागावर ताणलेल्या उभ्या धाग्यांचा. विणकर ज्याला ताणा म्हणतो, तो या अक्षराचा मूळ अर्थ. बाणा आडवा, येतो-जातो. ताणा उभा, शेवटपर्यंत टिकणारा. म्हणून जे टिकते, ज्याच्या आधारावर बाकीचे विणले जाते, त्या प्रमाणग्रंथांना चिनी लोक बुद्धाचे नाव ऐकण्यापूर्वीच हे अक्षर लावत. संस्कृतातही सूत्र म्हणजे आधी धागा, मग ग्रंथ. बौद्ध ग्रंथ तिथे पोहोचले तेव्हा धाग्यासाठी धागा तयारच होता.

हेच अक्षर जपानीत ‘केइ’ असेही वाचतात आणि मग ते देवघरातून बाजारात येते. अर्थव्यवस्था म्हणजे ‘केइझाइ’, अनुभव म्हणजे ‘केइकेन’, रेखांश म्हणजे ‘केइदो’. रेखांश का, हे ताणा आठवला की लगेच कळते : पृथ्वीवर काढलेले उभे धागे. अनुभवात ते ‘मधून जाणे’ या अर्थाने आले आहे. ‘केइझाइ’ हा तर ‘जगाचा कारभार लावणे आणि लोकांना तारणे’ अशा जुन्या चार अक्षरी उक्तीचा संक्षेप आहे. जे. सी. कुमारप्पांनी मगनवाडीत बसून ग्रामोद्योगाचे जे अर्थशास्त्र मांडले, त्याला हा शब्द शोभला असता.

कापसाच्या या जिल्ह्यात, जिथे सामूहिक कताईला ‘सूत्रयज्ञ’ म्हणत, तिथल्या प्रार्थनेची पहिली ओळ रोज ‘सूत’ या अक्षरावर संपत होती. किती जणांना ते ठाऊक होते, कोण जाणे. कारण नागरीत उतरताना अक्षरांच्या सीमा पुसल्या गेल्या. ‘नमु’ आणि ‘म्यो’ एकमेकांत मिसळून ‘नम्यो’ झाले. घाईने म्हणताना जपानीतही ते तसेच चिकटते. पण मग ‘अद्भुत’ नमस्कारात बुडाले आणि ‘धर्म’ एकटा पडून ‘हो’ एवढाच उरला. मराठी माणसाला तो ‘रामराम हो’मधला ‘हो’ वाटला तर त्याला दोष कसा द्यावा?

डिसेंबर १९४१ मध्ये जपान ब्रिटनविरुद्ध युद्धात उतरला आणि सेवाग्रामला असलेला जपानी भिक्षू शत्रूराष्ट्राचा नागरिक ठरला. सरकारने त्याला आश्रमातून उचलून नेले. स्वतः फुजी १९३८ मध्येच जपानला परतले होते. जुलै १९४२ मध्ये गांधीजींनी जपानी जनतेला उद्देशून एक अनावृत पत्र लिहिले. चीनवरील आक्रमणाचा त्यांनी त्यात कडक निषेध केला आणि भारतावर चाल करून याल तर स्वागताची अपेक्षा ठेवू नका, असे बजावले. त्याच पत्रात या भिक्षूची आठवण आहे : त्याची कामातली निष्ठा, कोणत्याही प्रसंगी न ढळणारी शांती, सहज हसू. तो गेला, पण त्याची प्रार्थना आणि छोटा ढोल मागे राहिला आहे आणि आमची प्रार्थना त्यानेच सुरू होते, असे त्यांनी कळवले. ज्या महिन्यांत ब्रह्मदेशापर्यंत जपानी फौजा येऊन ठेपल्या होत्या आणि मद्रास-कोलकात्यात बॉम्बची धास्ती होती, त्या महिन्यांत सेवाग्रामची पहाट जपानी मंत्राने उजाडत होती. मंत्र बंद करणे सोपे होते आणि कोणी दूषणही दिले नसते. तो बंद झाला नाही.

१९४५ च्या ऑगस्टमध्ये हिरोशिमा आणि नागासाकी बेचिराख झाली. फुजी त्या वेळी साठीचे होते. या वयात माणसे आठवणी लिहायला घेतात. फुजींनी आयुष्याचे दुसरे पर्व उघडले. जपानने पुन्हा शस्त्रे हाती घेऊ नयेत, अण्वस्त्रे कोणाकडेच असू नयेत, यासाठी ते आणि त्यांचे भिक्षू ढोल घेऊन उभे राहू लागले. १९५५-५६ मध्ये सुनागावा येथे अमेरिकी विमानतळाच्या विस्ताराला शेतकऱ्यांनी विरोध केला, तेव्हा पोलिसांच्या लाठ्यांपुढे पिवळ्या वस्त्रांतले हे भिक्षूही होते. मांचुरियातल्या मठांचा हिशेब त्यामुळे पुसला जातो असे म्हणता येणार नाही. पण वर्ध्यात त्यांनी पाहिलेला मार्ग त्यांनी स्वतःच्या देशातल्या सत्तेसमोर चालून दाखवला, हेही नोंदवले पाहिजे.

याच काळात शांतिस्तूप उभे राहू लागले. पहिला १९५४ मध्ये त्यांच्या स्वतःच्या कुमामोतोत, हानाओका टेकडीवर. भारतात राजगीरचा स्तूप १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या हस्ते खुला झाला. पुढे कलिंगाच्या जुन्या रणभूमीवर, ओरिसातील धौलीला आणखी एक स्तूप झाला. आंतरराष्ट्रीय सामंजस्यासाठीचा जवाहरलाल नेहरू पुरस्कार देऊन भारत सरकारने त्यांचा गौरव केला.

वर्ध्याच्या संदर्भात आणखी एका माणसाला या कथेत जागा द्यावी लागते. पवनारला राहणाऱ्या विनोबांना भाषांची आणि लिप्यांची तहान होती. त्यांनी जपानीचाही परिचय करून घेतला होता आणि तिची ठेवण भारतीय भाषांना जवळची असल्याचे त्यांच्या लगेच ध्यानात आले. क्रियापद शेवटी, आणि आपल्या विभक्तीसारखे प्रत्यय नामाच्या मागे. ‘वर्ध्याला जातो’ हे जपानीत ‘वर्धा-नि इकु’ असे होते. ‘नि’ अगदी आपल्या ‘ला’च्या जागी येतो. मग ही भाषा चित्रलिपीच्या ओझ्याखाली का राहावी, तिने नागरी स्वीकारली तर आशियातील माणसे एकमेकांच्या जवळ येतील, असे विनोबांचे म्हणणे होते.

व्याकरणाबाबत विनोबा अचूक होते. लिपीबाबत मात्र, अत्यंत आदराने, असहमत व्हावेसे वाटते. जपानी लोकांकडे उच्चारानुसारी अक्षरमाला आहे. तिचा क्रम ‘अ, इ, उ, ए, ओ’ आणि ‘का, सा, ता, ना’ असा आपल्याच वर्णमालेच्या अभ्यासातून आलेला आहे. ती शेकडो वर्षे हाताशी असूनही त्यांनी कांजी सोडली नाही. कारण ‘क्यो’ हा उच्चार नुसता लिहिला तर तो सूत्राचा की शिकवणीचा, पुलाचा की बळाचा, हे कळत नाही. तोक्योमधला ‘क्यो’ तर राजधानीचा आहे. अर्थ कानात नाही, डोळ्यात आहे. नागरीतल्या ‘नम्यो हो’ने आपल्याला हेच दाखवून दिले नाही का?

जपानलाही हे ओझे कमी करावे असे वाटले होते. युद्धानंतर, १९४६ मध्ये, तिथल्या सरकारने नित्य वापरासाठी १,८५० कांजींची यादी ठरवली आणि पुढे अनेकांचे आकार सोपे केले. ‘क्यो’चे तेरा फटकारे होते, ते अकरा झाले; मागाचे चित्र त्यात ओळखू येईनासे झाले, धागा तेवढा राहिला. निचिरेन परंपरेत मंत्र लिहिण्याची जी खास वळणदार शैली आहे, तिच्यावर या सुधारणेचा परिणाम झाला नाही. त्या शैलीत सहा अक्षरांच्या रेषा मिशांसारख्या दूरवर ओढतात. फक्त ‘हो’, म्हणजे धर्म, तेवढा ओढत नाहीत.

फुजी गुरुजी ९ जानेवारी १९८५ रोजी निवर्तले. वयाची नव्याण्णव वर्षे पूर्ण झाली होती. विनोबा त्यांच्या आधी दोन वर्षे, नोव्हेंबर १९८२ मध्ये गेले होते. गुरुजींच्या मृत्यूनंतर चार महिन्यांनी लंडनच्या बॅटरसी उद्यानात थेम्स नदीच्या काठी त्यांच्या भिक्षूंनी बांधलेला स्तूप खुला झाला. वर्ध्याचा स्तूप व्हायला १९९३ साल उजाडले. साठ वर्षांपूर्वी ज्या गावात ते ढोल घेऊन आले होते, त्या गावाला तो स्तूप मिळाला तेव्हा ते नव्हते आणि गांधीजीही नव्हते.

आज जपानमधील मुले शाळेत ‘दक्षिण’ दुसरीत शिकतात, ‘नाही’ आणि ‘धर्म’ चौथीत आणि ‘सूत्र’ पाचवीत. कमळाचे अक्षर नित्य वापराच्या यादीत नाहीच. ते मुलांची नावे ठेवण्यासाठी मान्य केलेल्या अक्षरांत आहे. पाचवीतले मूल ‘सूत्र’ गिरवू लागते तेव्हा आधी सहा फटकाऱ्यांत डावीकडचा धागा काढते, मग पाच फटकाऱ्यांत उरलेला भाग. गीताईच्या शिळा वाचून झाल्यावर वेळ उरला, तर स्तूपाच्या पायऱ्यांवर बसून आपल्यालाही ते बोटाने हवेत गिरवून पाहता येईल. आधी धागा.